गिरणीची जमीन आणि नागरिकाची बैठक

लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांत आज निवास, कचेऱ्या, दुकाने व उपाहारगृहे शेजारी शेजारी उभी आहेत. हा मिश्र वापर म्हणजे नव्या नगररचनेची देणगी, असे सांगितले जाते. वस्तुतः गिरणगावाला ही कल्पना मुळीच नवी नव्हती. चाळीच्या तळमजल्यावर वाण्याचे दुकान, शिंप्याचे यंत्र व पिठाची गिरणी. वर कामगारांची बिऱ्हाडे. एखाद्या खोलीत बाईने चालविलेली खाणावळ. चौकात भजन, गणपती आणि संपाची सभाही. तेथे दाटी होती, संडासापुढे रांगा होत्या. त्या हलाखीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु चौकात बसण्यासाठी कोणालाही काही विकत घ्यावे लागत नव्हते. आजच्या संकुलाच्या अंगणात मात्र नागरिकाला गिऱ्हाईक होऊनच प्रवेश मिळतो.

हे आपोआप घडलेले नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने पुनर्विकासाच्या जमिनीचे स्थूलमानाने तीन वाटे केले : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित आराखडा मांडला. पण २००१ मध्ये नियम बदलला. हे वाटे केवळ मुळात मोकळ्या असलेल्या भूमीचे करावयाचे, इमारती पाडून रिकामी होणारी जमीन हिशेबात धरावयाची नाही, असे ठरले. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला लोकहिताचा निर्णय मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. एका शब्दाच्या अर्थबदलाने शहराचा वाटा आक्रसला.

अर्थशास्त्रात ज्याला अनर्जित वृद्धी म्हणतात, तिचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. परळच्या जमिनीचा भाव मालकाच्या उद्यमाने वाढला नाही. तो रेल्वेने, रस्त्यांनी, पाणीपुरवठ्याने आणि दोन-तीन पिढ्यांच्या श्रमाने वाढला. नफा खाजगी झाला, गर्दीचा भार मात्र सार्वजनिक राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. भोवती कचेऱ्यांचे मनोरे उठत असताना रोजच्या प्रवाशाला पुरेशी वाट व ऐसपैस चौक मिळावा, ही जबाबदारी कोणीच घेतली नव्हती.

महापालिकेच्या बागा अस्वच्छ असतात, खाजगी अंगणे नेटकी असतात, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. परंतु त्यातून निष्कर्ष निघतो तो देखभालीसाठी पैसा व माणसे नेमण्याचा. मालकी सोडून देण्याचा नव्हे. नेटकेपणाच्या नावाखाली फाटक्या कपड्यांच्या माणसाला पहारेकऱ्याने हटकणे ही व्यवस्था नसून बहिष्कृतीच आहे.

वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे, याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र व्हरांडा गेला, चौक गेला आणि त्यांच्या जागी केवळ मोटारींचे तळ आले, तर घर मिळूनही शेजार हरवेल.

म्हणून पुनर्विकासाच्या एखाद्या आराखड्यावर हरकती मागविल्या जातात, तेव्हा कार्यकर्त्यांनी केवळ घराच्या चौरस फुटांवर थांबू नये. चौक रस्त्याच्या पातळीवर, फाटकाविना आणि सार्वजनिक मालकीचा असावा. सावली, बाके, पिण्याचे पाणी व स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावे. तळमजल्याचे काही गाळे खाणावळ, शिंपी व दुरुस्तीच्या कारागिरांसाठी नियंत्रित भाड्याने राखावेत. २०१४ च्या कायद्याने मान्य केलेल्या पथविक्रेत्यांना तेथे हक्काची जागा असावी. अशा चौकाची परीक्षा अगदी सोपी आहे : पाळी संपवून आलेली सफाई कामगार स्त्री, खिशात एक पैसाही नसताना, तेथे तासभर निर्धास्त बसू शकते काय? ती बसू शकत नसेल, तर ते सार्वजनिक स्थळ नव्हे. ती केवळ मोठी पेढी होय.