सेप्टिक टाकीतून पुढे जाणारे पाणी

माणकाठच्या सांगोल्यासारख्या दुष्काळी गावात येणाऱ्या पाण्याची चिंता सर्वांस असते. जाणाऱ्या पाण्याची क्वचितच. वाचकहो, सेप्टिक टाकीत मैला तळाशी बसतो, पण वरचे पाणी निर्मळ नसते. विषमज्वराचे जंतू, काविळीचे विषाणू त्यात असू शकतात. ते गटारात सोडले, की नळ बंद असताना रिकामी जलवाहिनी गळक्या जोडातून तेच ओढून घेते. ‘ई’ प्रकारची कावीळ तर गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत जिवावर बेतते. ते पाणी शोषखड्ड्यात न्यावे. मात्र खड्डा विहीर वा बोअरपासून निदान 60 फूट दूर हवा. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. तान्ह्या बाळास वरचे दूध देत असाल (आईचे पुरत असेल तर उत्तमच), तर बोअरचे पाणी आधी तपासून घ्यावे.