ब्रिटनला लागतंच, बांगलादेशला परवडलं तर हवं



ऑक्टोबर छाटणी आली की प्लॉट नोंदणीचा विषय निघतो. दरवर्षी काही काका-दादा म्हणतात, "नोंदणी, रेसिड्यू तपासणी कशाला? बांगलादेशचा माल घेणारा व्यापारी बांधावर येतो, कागद मागत नाही. त्यांच्याकडं द्राक्ष पिकत नाही, मग आपल्याकडून घेणार नाहीत तर जातील कुठं?" आज यावरच माझं मत मांडतो.

आधी ब्रिटन बघा. तिथं जेवढं फळ लागतं, त्यातला साधारण सहावा हिस्साच त्यांच्या देशात पिकतो. सफरचंद, स्ट्रॉबेरी ठीक, पण केळी, संत्री आणि खायची द्राक्षं जवळपास सगळी बाहेरून येतात. तिथल्या दुकानात बारा महिने द्राक्ष लागतं. थंडीत दक्षिण आफ्रिका, पेरू, चिली माल पुरवतात, पुढं उन्हाळ्यात इजिप्त येतो. मधल्या फेब्रुवारी ते एप्रिलच्या काळात आपल्याला जागा मिळते. तिथलं सरकार फळ बंद करायचा विचार करत नाही, कारण ते रोजचं खाणं आहे. फक्त एक अट असते, रेसिड्यू मर्यादेत पाहिजे.

आता बांगलादेश. आंबा, फणस, पेरू, केळी, अननस घरचेच भरपूर. सफरचंद, संत्रं, द्राक्ष मात्र बाहेरून. द्राक्षापुरतं बघितलं तर दोन्ही देश सारखेच परावलंबी. पण तिथं आपलं द्राक्ष नसलं तरी लोक दुसरं फळ खातात. म्हणून डॉलरची चणचण झाली की सरकारचा हात आधी बाहेरच्या फळावर पडतो. मे 2022 मध्ये त्यांनी परदेशी फळांवरचं नियामक शुल्क 3 टक्क्यांवरून 20 टक्के केलं. वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदारांना विचारा. बांगलादेश हे त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. 2019 ते 2023 या चार वर्षांत किलोमागचं आयात शुल्क चौपटीच्या वर गेलं. निर्यात घटली, माल इथंच तुंबला आणि भाव पडले. त्यात शेतकऱ्याची काय चूक होती? काहीच नाही.

माझा मुद्दा हाच आहे. ब्रिटनचं दार रेसिड्यूमुळं बंद होतं, बांगलादेशचं शुल्कामुळं. रेसिड्यू बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. शुल्क ढाक्यात ठरतं, तिथं आपली फवारणी डायरी कामाची नाही.

युरोप-ब्रिटन बिनधोक आहे असंही मी म्हणत नाही. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि युरोपात आपला माल अडकला, तेव्हा अनेक बागायतदारांना मोठा फटका बसला. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळं 2024 च्या हंगामात जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, दिवस वाढले, भाडं वाढलं. पण 2010 नंतर ते रसायन तपासणीच्या यादीत आलं, लोकांनी वापर थांबवला आणि दार पुन्हा उघडलं. शुल्कावर असा इलाज आपल्याकडं नाही.

बांगलादेशला माल देऊ नका, असं माझं म्हणणं नाही. जवळचं मार्केट आहे, ट्रकनं माल जातो, साइजमध्ये थोडं कमी-जास्त चालतं. पण नोंदणी केलेला प्लॉट दोन्हीकडं जाऊ शकतो, न केलेला युरोपला जाऊच शकत नाही. ऐन काढणीत शुल्क वाढल्याची बातमी आली, तर त्या दिवशी नोंदणी करता येणार नाही. घड तर वेलीवर थांबणार नाहीत.

म्हणून तीन कामं आत्ताच करा:

1. व्यापारी कुठलाही असो, प्लॉटची निर्यात नोंदणी मुदतीत करून घ्या.

2. औषध घेण्याआधी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी बघा. काढणीपूर्व कालावधी पाळा.

3. फवारणी त्याच दिवशी डायरीत लिहा. आठवून लिहिलेली डायरी उपयोगाची नसते.

सातबारा आणि आधार घेऊन कंपनीच्या ऑफिसला या, फॉर्म आपण सोबत भरू. माझं म्हणणं पटलं नसेल तरी या, समोर बसून बोलू.

— तुमचा कृषी सल्लागार