लोखंड सॉलिड, पण आतला माणूस?

ताडोबाचा वीकेण्ड करून आलेल्या ग्रुपमधला एक तरी जण सोमवारी ऑफिसात जाहीर करतो, ‘बॉस, आता सेकंडहॅण्ड जिप्सी घ्यायचीच!’ मोहर्ली गेटमधून उघड्या जिप्सीत बसून आत शिरलं, की असं वाटणारच. वर पुस्ती जोडली जाते, ‘जुनं लोखंड आहे रे, सॉलिड! आजकालच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे!’

प्रेम मान्य. पण हा सॉलिडपणा नेमका कुणाच्या कामाचा?

1985 साली आलेल्या जिप्सीचा फण्डा जुना. खाली शिडीसारखी चॅसी, म्हणजे दोन लांब लोखंडी दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. त्यावर बसवलेली बॉडी. खड्ड्यात, चिखलात ही शिडी एकदम झकास. पण समोरून टक्कर झाली, की ताठ शिडी धक्का फारसा पचवत नाही. तो पोचतो आत, तुमच्यापर्यंत!

नव्या गाडीचं गणित उलटं. आंब्याची पेटी आठवा. पेंढा दबतो, म्हणून हापूस वाचतो. मर्सिडीजच्या बेला बारेनी यांनी 1950 च्या दशकात हेच गाडीत आणलं. नाक आणि शेपूट चुरगळणारं, मधली केबिन मात्र पिंजऱ्यासारखी भक्कम.

विश्वास बसत नाही? 2009 मध्ये अमेरिकेत 1959 ची शेवर्ले बेल एअर आणि 2009 ची शेवर्ले मालिबू तासी 64 किलोमीटरच्या वेगाने एकमेकींवर आदळवल्या. धिप्पाड बेल एअरची केबिनच कोलमडली. मालिबूचं नाक गेलं, केबिन शाबूत!

जंगलात तासी 20 ने रांगताना हा फरक जाणवत नाही. पण तीच जिप्सी चंद्रपूर-मूल-गडचिरोली रस्त्यावर 80 ने पळवली, तर धडकेतली ऊर्जा चौपट नाही, सोळापट होते. तिथे समोरून ट्रक येतात आणि रानडुक्कर हॉर्न देऊन रस्ता ओलांडत नाही! जिप्सीची सर्वसामान्यांसाठीची विक्री 2019 च्या सुमारास थांबली, त्यामागे सुरक्षेचे नवे नियम हेही एक कारण होतं.

म्हणून नवं ते सगळं सेफ, असंही नाही हं. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची बेसिक मॉडेल्स आदळवली. पाचही जणींना शून्य स्टार! ऑक्टोबर 2023 पासून आपली भारत एनकॅप आहे. मायलेज विचारता, तसे स्टारही विचारा.

आणि बेल्ट? तो मागच्या सीटवरही हवा. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, तेव्हा गाडी महागडी, आधुनिक होती. पण पोलिसांच्या माहितीनुसार मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता, आणि तेच दोघे दगावले. पेटी कितीही भारी असो, आंबा सुटा असेल तर पेंढा काय करणार?

तेव्हा जिप्सी जंगलात भाड्याने घ्या, मनसोक्त धूळ खा. ताडोब्यापर्यंतचा हायवे मात्र स्टारवाल्या गाडीतून, बेल्ट लावून! चेपलेलं बॉनेट गॅरेजवाला सरळ करून देतो. बरगड्यांचं काम तो घेत नाही.