कर्नल आणि जुनी वचने

संगणकाच्या यंत्रसामग्रीवर प्रत्यक्ष सत्ता चालविणाऱ्या मध्यवर्ती आज्ञावलीस कर्नल अशी संज्ञा आहे. हिशेबाची वा लेखनाची आज्ञावली स्वतः चकतीला हात लावीत नाही. फाईल उघडणे, वाचणे, तिचा आकार जाणणे यांसाठी ती कर्नलकडे क्रमांकित विनंती करते. हे क्रमांक आणि उत्तराची मांडणी तिच्या यंत्रभाषेतील रूपात कोरलेली असतात. कर्नलने ती मांडणी बदलली, तर जुनी आज्ञावली निर्दोष असूनही बंद पडते. किंवा, आणि हे अधिक वाईट, चुकीचा आकडा खरा मानून पुढे जाते.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्स कर्नलमध्ये वापरकर्त्याची चालती आज्ञावली मोडणारा बदल हा दोषच समजला जातो. हा दंडक खर्चिक आहे, पण न्याय्य आहे.

फाईलची माहिती देणारी ‘स्टॅट’ ही विनंती पाहावी. ८०३८६ वंशाच्या ३२ बिटांच्या यंत्रांवर तिचा पहिला क्रमांक १८. तिच्या उत्तरातील जागा अपुऱ्या पडल्या, तेव्हा १०६ क्रमांकाची दुसरी आली. पुढे फाईली २,१४,७४,८३,६४७ बाइटांपलीकडे वाढल्या. चिन्हाचा एक बिट वगळता ३२ बिटांत मावणारी ही कमाल संख्या. म्हणून ६४ बिटांचा आकार सांगणारी १९५ क्रमांकाची तिसरी आली, आणि २०१७ मध्ये ‘स्टॅटएक्स’. प्रत्येक वेळी नवे दार उघडले गेले, जुने बुजविले गेले नाही. जुन्या दाराने प्रचंड फाईलचा आकार विचारल्यास कर्नल आकडा छाटून देत नाही, स्पष्ट नकार देतो.

फाईल उघडण्याच्या विनंतीची कथा अधिक बोधक आहे. तिच्यासोबत येणारे अपरिचित संकेत कर्नल पूर्वीपासून मुकाट्याने दुर्लक्षितो. ही मूळची ढिलाईच. पण आता कडक तपासणी सुरू केली, तर चुकीचे संकेत पाठवूनही आजवर सुरळीत चाललेल्या आज्ञावली अडतील. म्हणून कडक तपासणी करणारी वेगळी विनंती २०२० मध्ये देण्यात आली. चूकदेखील अशा रीतीने वचन होऊन बसते.

जुन्या वाटा राखल्याने कर्नल बोजड होतो, त्यांत दोष दडून राहतात, हा आक्षेप खोटा नाही. परंतु तो भार कोणी वाहावा? कर्नल बदलणाऱ्यास काय बदलले ते ठाऊक असते. ज्या ग्रंथालयाच्या नोंदी जुन्या आज्ञावलीवर चालतात, तिचा कर्ता सापडत नाही आणि मूळ लेखनही हाती नाही, तेथील लेखनिकाने काय करावे? शिवाय कर्नलच्या अंतर्भागात असे कोणतेच वचन नाही. तेथे मोडतोड नित्य चालते. बाहेरची वाटही कोणी चालत नसल्याची खात्री पटल्यास काढता येते. ‘सिसकंट्रोल’ ही जुनी विनंती २०२० मध्ये तशीच काढली गेली.

तथापि दार राखल्याने सारेच वाचत नाही. ३२ बिटांच्या जुन्या आज्ञावली फाईलची वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात, आणि त्यांची मर्यादाही तीच, २,१४,७४,८३,६४७. ती १९ जानेवारी २०३८ रोजी संपेल. ६४ बिटांच्या वेळेच्या नव्या विनंत्या २०१९ पासून उपलब्ध आहेत. पण त्यांचा लाभ नव्याने बांधलेल्या आज्ञावलींनाच मिळेल, आणि ज्यांचे मूळ लेखन हरवले आहे त्या नव्याने बांधता येणार नाहीत.