हमीपत्राची वर्षे आणि छिद्रांचे अंतर

अमेरिकेच्या ईशान्य भागात, विशेषतः न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांतील जुन्या वसाहतींत, घरामागच्या परसात जमिनीवरच उभा केलेला पोहण्याचा गोल हौद ही काही श्रीमंतीची खूण नव्हे; जमीन खोदून काँक्रीटचा तलाव बांधणे ज्यांच्या ऐपतीबाहेरचे होते, अशा मध्यमवर्गाने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुबत्तेच्या काळात पत्करलेली ती स्वस्तातली तजवीज आहे, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास जुने घर विकत घेणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या पदरी घराबरोबर असा हौदही पडतो. हिवाळाभर झाकून ठेवलेला हा हौद मे महिन्यात उघडावा, पाणी भरावे आणि चार दिवसांत पातळी उतरू लागावी, की 'आता हा जुना झाला, नवाच घ्या' असा सल्ला मिळण्यास विलंब लागत नाही. हा सल्ला पुष्कळदा चुकीचा असतो, आणि तो आपण निमूटपणे मानतो याचे कारण वस्तूचे आयुष्य कशाने ठरते याविषयी आपली समजूतच कच्ची आहे, असे माझे मत आहे.

हौदाची रचना साधी असते. पन्हाळी पोलादी पत्र्याची वर्तुळाकार भिंत, तिला आतून लायनर नावाचे व्हिनाइलचे अस्तर, आणि भिंतीच्या वरच्या भागात कापलेल्या आयताकृती खिडकीला बाहेरून बसवलेली प्लॅस्टिकची पेटी, म्हणजे स्किमर. पंप सुरू झाला की पृष्ठभागावरचे पाणी पाने, किडे आणि धूळ यांसह या पेटीत ओढले जाते, कचरा तिच्यातील टोपलीत अडतो आणि पाणी फिल्टरकडे रवाना होते. भिंत, अस्तर आणि पेटी यांच्या सांध्यांत गॅस्केट घालून सारे स्क्रूंनी आवळलेले असते. ऊन, थंडी आणि क्लोरिन यांच्या संयुक्त अंमलाखाली ते गॅस्केट कालांतराने ताठ होते, आणि पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढत असल्यामुळे हिवाळ्यापूर्वी रिकाम्या न केलेल्या पेटीला तडा जातो.

गळतीचे निदान करण्यास कोणा तज्ज्ञाची गरज नसते. बादलीत हौदाचेच पाणी भरून ती हौदातील पायरीवर ठेवावी, बादलीतील व हौदातील पातळीवर खुणा कराव्यात, पंप बंद ठेवावा आणि चोवीस तासांनी दोन्ही ताडून पाहाव्यात: उतार सारखाच असेल तर दोष बाष्पीभवनाचा, हौदाचा अधिक असेल तर गळतीचा. मग पाणी न भरता वाट पाहिली, आणि स्किमरच्या तोंडाच्या खालच्या कडेशी येऊन पातळी थबकली, तर संशयाचे बोट त्या पेटीकडे अथवा तिला जोडलेल्या नळीकडे वळते. पातळी त्याखालीही उतरत राहिली तर अपराधी अन्यत्र शोधावा लागतो. ज्या प्रदेशात पाण्याचे बिल मीटरवर येते तेथे ही चौकशी क्षुल्लक नव्हे, कारण २४ फूट व्यासाच्या हौदाची पातळी एक इंच खाली जाणे म्हणजे सुमारे २८० गॅलन, अर्थात हजाराहून अधिक लिटर पाणी जमिनीत मुरणे होय.

दोष स्किमरचा ठरला, तर दुरुस्तीचे मर्म ती किती थोड्यात आटोपते यात आहे. पाणी पेटीच्या तोंडाखाली काही इंच उतरवावे, अधिक नाही. कारण वर्षानुवर्षे पाण्याच्या भाराखाली ताणलेले जुने लायनर उघडे पडले की आक्रसते आणि पुन्हा भरताना फाटते, शिवाय पाण्याचा आधार गेलेली पातळ भिंत वाऱ्याच्या झोताने दुमडू शकते. आतल्या चौकटीचे गंजलेले स्क्रू यंत्राच्या घाईने न काढता हाताने, दमाने फिरवून काढावेत, नवे गॅस्केट कोरड्या व स्वच्छ जागी बसवावे, आणि नवे स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळत न्यावेत, जेणेकरून दाब सर्वत्र सारखा पडेल. जुन्या गॅस्केटवरच सिलिकॉनचा लेप देऊन वेळ मारून नेण्याची जी रूढी आहे, ती तडा झाकते आणि पुढच्या कारागिराचे काम मात्र दुप्पट करते.

तथापि दुरुस्तीचा हा पुरस्कार आंधळा असू नये. जुनी पेटी उतरल्यावर तिच्यामागची पोलादी भिंत प्रथमच दिसते, आणि त्या दर्शनावरच खरा निर्णय अवलंबून असतो. वरवरचा गंज खरवडून गंजरोधक रंग देता येतो. पण पत्रा पोखरला जाऊन बोटाने दाबताच आत जात असेल, तर २४ फूट व्यासाच्या व चार फूट खोलीच्या हौदातले सुमारे ५१ टन पाणी केवळ आशेच्या बळावर अडवणे हा मुलाबाळांच्या जिवाशी खेळ ठरेल, आणि तेथे नवा हौद घेण्याचा सल्ला शिरोधार्य मानला पाहिजे. माझी तक्रार एवढीच, की हा निवाडा पेटी उतरवल्यानंतर व्हावा, त्याआधी नव्हे.

पत्रा शाबूत निघाला, तर पुढचा प्रश्न असा की पंचवीस वर्षांपूर्वीच्या हौदाला बसणारी पेटी आज मिळते कशी? ती मिळते, कारण या व्यवसायात स्किमरच्या खिडकीची साधारण व रुंद अशी दोन मापे आणि त्यांभोवतीच्या स्क्रूंच्या छिद्रांची अंतरे पुष्कळ अंशी समाईक झाली. एका नामांकित उत्पादकाच्या मापाला आपली पेटी बसते, असे त्याचे प्रतिस्पर्धीच वेष्टनावर अभिमानाने छापतात. मूळ कारखान्याचे नाव बाजारातून पुसले गेले तरी शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळणारी परकी पेटी त्या छिद्रांवर चपखल बसते आणि काही हजार डॉलरांचा हौद वाचतो. याउलट जेथे उत्पादकाने आपले वेगळे माप काढून ग्राहकाला आपल्याच दाराशी बांधून ठेवले, तेथे ते दार बंद होताच धडधाकट हौदही निकामी ठरतो.

वेगळेपणाविना सुधारणा होत नाही, असा आक्षेप यावर घेतला जाईल. पेटीची टोपली, तिचे झाकण, तिचा झडप-दरवाजा यांत खुशाल सुधारणा व्हाव्यात. भिंतीला जोडणाऱ्या छिद्रांचे अंतर बदलून पाणी अधिक स्वच्छ झाल्याचा दाखला मात्र कोणी देत नाही. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा आज सरकारदरबारीही पोहोचली आहे: २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याने इलेक्ट्रॉनिक उपकरणांपुरता तसा कायदा केला, आणि त्याच वर्षी भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने शेतीची अवजारे, मोबाइल, मोटारी व टिकाऊ घरगुती वस्तू यांसाठी एक समिती नेमली. हे प्रयत्न स्तुत्य आहेत. परंतु सुटे भाग पुरवण्याची सक्ती हयात असलेल्या कंपनीवरच करता येते, बुडालेल्या कंपनीवर कोणतेही फर्मान चालत नाही. समाईक माप हे त्या कंपनीच्या मृत्यूनंतरही ग्राहकाच्या उपयोगी पडते, आणि म्हणून कायद्याने सुट्या भागांच्या पुरवठ्याबरोबर मापांच्या एकवाक्यतेचाही आग्रह धरावा, असे मला वाटते.

तोवर ग्राहकाने स्वतःचा बंदोबस्त स्वतः करावा. हौदाच्या जाहिरातीत वीस-तीस वर्षांच्या हमीचे ठळक आकडे असतात, पण बारीक अक्षरांत पाहिले तर भरपाईची रक्कम वर्षागणिक घटत जाते, आणि गरज पडेतो तिच्यात घेण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी हमी किती वर्षांची हे विचारण्याआधी, दुसऱ्या कोणाची पेटी या भिंतीला बसेल काय, हे विचारावे; आणि विक्रेत्याला त्याचे सरळ उत्तर देता आले नाही, तर सौदा तहकूब करावा.