चोर संपले तरी ड्यूटी संपत नाही

उद्या सकाळी जगातला गुन्हा संपला, तर परवा पोलीस ठाण्यात काय चाललेलं असेल? लोकांना वाटतं, ठाण्याला कुलूप लागेल. सातारा जिल्ह्यात उभी नोकरी करून मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले, म्हणून खात्रीने सांगते: परवाही ठाणे अंमलदाराला जेवायला वेळ मिळणार नाही. विहिरीत पाय घसरून पडलेल्याचा पंचनामा असेल. एसटी स्टँडवर सापडलेले, स्वतःचं गाव न आठवणारे आजोबा बाकावर बसलेले असतील. पासपोर्टच्या चौकशा, यात्रेचा बंदोबस्त, अंधारात उभ्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेली मोटरसायकल, सगळं असेल. ठाण्यात गुन्ह्यांचं रजिस्टर वेगळं आणि आकस्मिक मृत्यूंचं वेगळं. दुसऱ्याला आम्ही नुसतं ‘अ.मृ.’ म्हणतो. पहिलं कोरं पडलं तरी दुसरं भरतच राहणार.

हा विषय निघाला माझ्या भाच्यामुळे. तो पुण्यात आयटीत आहे आणि पगारातला बराच हिस्सा जुन्या अमेरिकी कॉमिक्सवर उडवतो. दिवाळीत फराळाच्या ताटावर त्याने सगळ्यांना विचारलं, गुन्हेच नसते तर हे सुपरहिरो काय करत बसले असते? पोरांनी भराभर उत्तरं दिली. बॅटमॅन आपला धंदा बघेल, स्पायडरमॅन लग्नाच्या ऑर्डरी घेऊन फोटो काढेल. भाचा म्हणाला, “आत्या, ते एकमेकांशीच मारामाऱ्या करतील.” पोरं हसली. मला मात्र त्याचं उत्तर सगळ्यात खरं वाटलं.

मग त्याने जोकरची हकिकत सांगितली. बॅटमॅनच्या नावाचं स्वतंत्र मासिक १९४० मध्ये निघालं आणि त्याच्या पहिल्याच अंकात जोकर हा खलनायक आला. मूळ कथेत तो त्याच अंकात मरणार होता. संपादकाने शेवटी एक चौकट वाढवायला लावली: जोकर जिवंत आहे. धंदा म्हणून निर्णय अचूक होता, ऐंशी वर्षांहून अधिक काळ तो माल खपतो आहे. पण पोलिसाच्या नजरेने बघा. ज्या पहारेकऱ्याची नोकरी चोरावर अवलंबून आहे, तो चोराला पुरता संपू देत नाही. आणि चोर खरंच संपला, तर तो नवा चोर तयार करतो.

ही कल्पना नाही, आपल्याकडे घडलेलं आहे. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने कायदा करून काही जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही आला. माणसं तारेच्या कुंपणात ठेवली, हजेऱ्या लावल्या. सोलापुरातला तसा कुंपणाचा भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, कागदावर सगळे विमुक्त झाले. पण मी खात्यात आले तेव्हाही रात्री घरफोडी झाली की पहाटे गाडी आधी पारध्यांच्या पालांकडे वळायची. तपास तिथूनच का सुरू करायचा, हे कुणी विचारत नसे. म्हणून अंगात बळ आहे, हाताला काम नाही आणि समोर गुन्हेगार हवाच आहे, असा रक्षक मोकळा फिरतोय या विचाराने मला हसू येत नाही. त्याला लवकरात लवकर दुसऱ्या कामाला लावलं पाहिजे.

काम पडलेलं आहेच. २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. साप चावून आपल्या देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावतात, असा अंदाज २०२० च्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. यातल्या बहुतेक मरणांत ठोसा मारायला समोर कुणी नसतं. घोणस ही कुणाची वैरीण नसते, ती उंदरामागे आलेली असते. अपघातात निष्काळजीपणाचं कलम लागतं, ड्रायव्हर आत जातो. पण वळणाला कलम लावता येत नाही आणि ट्रॉलीच्या मागे नसलेल्या रिफ्लेक्टरला हातकडी घालता येत नाही.

गंमत म्हणजे पहिल्या सुपरमॅनला हे कळत होतं. भाच्याने मोबाइलवर जुने अंक उघडून मला वाचून दाखवले. जून १९३८ च्या पहिल्या अंकात सुपरमॅन काय करतो? फाशीच्या दारातून निर्दोष बाईला सोडवतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आपटतो, भ्रष्ट सिनेटरच्या मागे लागतो. तिसऱ्या अंकात कामगारांच्या जिवाची पर्वा नसलेल्या खाणमालकाला खाणीतच अडकवून घाबरवतो. आठव्यात पडीक झोपडपट्टी मोडतो, सरकारला तिथे धड घरं बांधायला लागावीत म्हणून. आणि मे १९३९ च्या बाराव्या अंकात बेफाम गाड्या हाकणाऱ्यांवर युद्ध पुकारतो. जप्त गाड्यांचा चुराडा करतो, निकृष्ट माल वापरणारा मोटारींचा कारखाना उद्ध्वस्त करतो आणि महापौरालाच वाहतुकीचे कायदे पाळायला लावतो. पुढच्याच वर्षी लुथर हा खलनायक आला. मग असे एकेक आले आणि बिचाऱ्याला वाहतुकीकडे बघायला फुरसत उरली नाही.

मात्र या पहिल्या सुपरमॅनबद्दलही माझी तक्रार आहे. त्याला मोडण्याशिवाय दुसरं काही येत नाही. आणि गुन्हे नसलेल्या जगात मोडण्याजोगं फार थोडं असतं.

दुरुस्त करण्याजोगं मात्र बरंच असतं, पहिलं काम तेच. आमच्या हद्दीत ओढ्यावरच्या पुलाला लागून एक वळण होतं. उताराने येणाऱ्याला ते दिसायचं पुलाचा कठडा समोर आल्यावर, कारण वेड्या बाभळींनी आतली बाजू झाकलेली. तिथे मी टेप धरून टायर घासल्याचे पट्टे मोजले आहेत, काचा गोळा केल्या आहेत. कठड्याजवळ बहुतेक वेळा एकच चप्पल सापडायची, दुसरी ओढ्यात. महामार्गावर ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले, की त्या जागेला ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणतात. खंबाटकी बोगद्यापुढचं एस वळण असं कुप्रसिद्ध. २०१८ च्या एप्रिलमध्ये तिथे मजुरांचा टेम्पो उलटून अठरा जण गेले, तेव्हा राज्यभर बातमी झाली. आमचं वळण छोट्या रस्त्यावरचं. माणसं सुटी सुटी मरायची, म्हणून बातमी व्हायची नाही. संबंधित कार्यालयाला पत्रं गेली. उत्तर ठरलेलं: निधी उपलब्ध होताच कार्यवाही करण्यात येईल.

शेवटी एका नव्या कनिष्ठ अभियंत्याने मनावर घेतलं. बाभळी तोडल्या, कठड्यावर काळे-पिवळे पट्टे मारले, लाल रिफ्लेक्टर बसवले, वळणाआधी रम्बलर टाकले, बाणाचा फलक लावला. त्यानंतर माझी बदली होईपर्यंत त्या पुलाचा पंचनामा माझ्याकडे आला नाही. किती जीव वाचले? सांगता येत नाही. जो वाचला त्यालाही माहीत नाही. रम्बलरवर गाडी धडधडली म्हणून त्याने चिडून ब्रेक मारला, घरी गेला, जेवला, झोपला. फिर्यादी नाही, आरोपी नाही, मयत नाही, मग त्या अभियंत्याचा सत्कार कुणी आणि कशाबद्दल करायचा? रक्षणाचं चांगलं काम असंच असतं, त्याचा पुरावा मागे राहत नाही.

दुसरं काम बसण्याचं आहे. आर. आर. आबा पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली: गावातले तंटे गावच्या समितीने मिटवायचे, त्याबद्दल गावाला बक्षीस. गुन्हे नसलेलं जग आपल्याला बनवता येतं का, याचा तो आपल्या मातीतला प्रयोगच होता. त्यातली खोटही मी पाहिली. बक्षिसावर डोळा ठेवून काही ठिकाणी तक्रारी दाबल्या गेल्या, आणि त्यात बायकांच्या तक्रारी पहिल्या. गुन्हा संपणं आणि गुन्ह्याची नोंद संपणं यांत फरक असतो, हे कुठल्याही ठाण्यातल्या कारकुनाला विचारा.

पण जिथे समिती खरी होती, तिथली एक बैठक विसरत नाही. दोन सख्ख्या भावांचा बांधाचा वाद, बांधावर एक आंबा. मारुतीच्या देवळात सतरंजी टाकून बसलो. पहिल्या बैठकीत सरकारी मोजणीचा नकाशा पसरला, दोघांनी तो मान्य केला, तरी वाद मिटेना. दुसऱ्या बैठकीत आंब्याची वाटणी झाली, तरी मिटेना. तिसऱ्या वेळी चहा होऊन माणसं उठायला लागली, तेव्हा थोरला खाली बघून बोलला, “घरभरणीला गावजेवण घातलं आणि मला निरोप नाही.” धाकट्याची बायको म्हणाली, “निरोप दिला होता भाऊजी, पोराच्या हाती. पोरगं सांगायचं विसरलं.” बांधाचा प्रश्न तिथे संपला. सुपरमॅनची भिंतीपलीकडचं बघणारी नजर या कामात उपयोगाची नाही. मांडी घालून रात्री अकरापर्यंत बसता आलं पाहिजे आणि तेच ते तिसऱ्यांदा ऐकताना घड्याळाकडे बघता कामा नये.

तिसरं काम शिकण्याचं. कोकणात लाल विंचू चावून माणसं, विशेषतः पोरं, पटापट दगावायची. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर रुग्णाच्या उशाशी बसले, नाडी, रक्तदाब, फुप्फुसात साठणारं पाणी यांच्या नोंदी करत राहिले. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध इथे चालतं, हे त्यांनी दाखवून दिलं आणि जगभरच्या डॉक्टरांपुढे मांडलं. जिथे शंभरातले तीस-चाळीस जात, तिथे एखाद-दुसरा जाऊ लागला. एकही विंचू त्यासाठी मारावा लागला नाही. उडणाऱ्या माणसाने फार तर पेशंटला मुंबईला लवकर पोचवलं असतं. पण औषधच ठाऊक नसेल, तर लवकर पोचून काय करायचं?

कुणी म्हणेल, बाई, मग धाडसाला काही किंमत नाही का? आहे की. १७ एप्रिल २०२१ ला वांगणी स्टेशनवर अंध आईचं लहान पोर रुळांवर पडलं. समोरून एक्स्प्रेस येत असताना एक पॉइंट्समन धावत गेला, पोराला फलाटावर ढकललं आणि क्षणभरात स्वतः वर चढला. सीसीटीव्हीतलं ते दृश्य देशाने पाहिलं. मीही पुन्हा पुन्हा पाहिलं आणि त्या माणसाला मनातल्या मनात सॅल्यूट केला. मिळालेल्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्याने त्या माय-लेकरांना दिली, तेव्हा दुसरा. पण मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. तेवढ्यांसाठी तेवढे पॉइंट्समन धावू शकत नाहीत. तिथे कुंपण लागतं, पादचारी पूल लागतो, गाड्या वाढवाव्या लागतात. धाडस हा शेवटचा उपाय आहे. त्याआधीचे सगळे उपाय चुकले की त्याची पाळी येते.

भाच्याचा आक्षेप वेगळा होता. “रम्बलर बसवणाऱ्या सुपरहिरोची गोष्ट कोण वाचेल, आत्या?” प्रश्न वाजवी आहे. पण कोलंबियात बोगोटाचे महापौर आंतानास मोकुस यांनी १९९५ च्या सुमारास हेच नाटक करून दाखवलं. छातीवर ‘सी’ अक्षर असलेला घट्ट पोशाख घालून ते स्वतः ‘सुपरनागरिक’ म्हणून रस्त्यावर उतरले. चौकात त्यांनी मूकाभिनय करणारे नट उभे केले. पट्टा ओलांडून थांबणाऱ्याची ते नक्कल करायचे आणि सगळा चौक हसायचा. दंडाला न जुमानणारी माणसं हसण्याला घाबरली. पुढच्या वर्षांत तिथले रस्त्यावरचे मृत्यू खूप खाली आले. खलनायक नव्हता, तरी लोकांनी मान वर करून पाहिलं. आपल्याकडेही टीव्हीवरचा सुपरहिरो शक्तिमान प्रत्येक भागाच्या शेवटी मुलांना हात धुवायला आणि रस्ता नीट ओलांडायला सांगायचाच. माझ्या मुलीने त्याच्या मारामाऱ्यांतलं काही उचललं नाही, शेवटची पाच मिनिटं उचलली.

तेव्हा सुपरहिरोंची चिंता मला नाही. त्यांना बाभळी तोडायला पाठवता येईल. चिंता आपली आहे. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला पोलिसांना पदकं जाहीर होतात, ती मिळाली की मलाही आनंद होतो. पण ‘या टप्प्यावर तीन वर्षांत एकही जीव गेला नाही’ एवढ्यासाठी ठाणेदार, अभियंता आणि तलाठी यांना एकत्र स्टेजवर बोलावलेलं मी पाहिलेलं नाही. ते सुरू करा, खर्च फारसा नाही. आणि निवडणुकीत दारात येऊन अमक्याला धडा शिकवू, तमक्याला ठेचून काढू म्हणणाऱ्याला टाळ्या देण्याआधी एक विचारा: आपल्या वॉर्डातलं कुठलं वळण कधी दुरुस्त करणार, तारीख सांगा. ज्याच्याकडे तारीख नाही, त्याला तुमच्या सुरक्षेशी घेणंदेणं नाही. त्याला फक्त जोकर जिवंत हवा आहे.