अक्षरांची नावे आणि नावांची अक्षरे

व्यापारात माणसाची पहिली ओळख त्याच्या नावाने होते आणि नाव उभे राहते ते अक्षरांवर. बीजक आणि बिल ऑफ लेडिंग यांत परदेशी ग्राहकाच्या नावाचे एखादे अक्षर चुकले, तर लेटर ऑफ क्रेडिटचे कागद तपासणारी बँक नेमके तेथेच बोट ठेवू शकते. मग माल बंदरात आणि पैसा बँकेत अडकतो. म्हणूनच स्पेन, मेक्सिको किंवा अर्जेंटिना या देशांशी व्यवहार करू इच्छिणाऱ्या पेढीवरील तरुणांनी स्पॅनिश व्याकरणाच्या आधी त्या भाषेतील अक्षरांची नावे कंठस्थ करावीत, हे श्रेयस्कर.

खरी अडचण इंग्रजीच्या सवयीची असते. अक्षरांची वळणे तीच, म्हणून नावेही तीच असतील, असा समज होतो. ‘वेगा’ आडनावाचा ग्राहक दूरध्वनीवर आपले नाव फोडून सांगतो : “उवे, ए, खे, आ.” इंग्रजी वळणाचा कान ‘ए’ ऐकताच इंग्रजी वर्णमालेतील पहिले अक्षर लिहून टाकतो. ग्राहकाला मात्र तेथे पाचवे अक्षर, म्हणजे इंग्रजी ‘ई’, अभिप्रेत असते. त्याचप्रमाणे स्पॅनिश ‘इ’ म्हणजे इंग्रजी ‘आय’.

या ठिकाणी मराठी बालपण उपयोगी पडते. आ, ए, इ, ओ, उ ही पाच स्पॅनिश स्वरांची नावे बाराखडी शिकलेल्याला नवी नाहीत. इंग्रजी बाजूला ठेवून ती देवनागरीत लिहून पाठ केली, की निम्मा गोंधळ मिटतो.

उरलेल्या अक्षरांचीही सोपी मांडणी करता येते. सात नावांत व्यंजनापुढे ‘ए’ येतो : बे, से, दे, खे, पे, ते, ये. सात नावांत तो दोन्ही बाजूंना येतो : एफे, एले, एमे, एने, एन्ये, एर्रे, एसे. राहिली आठ, ती मात्र स्वतंत्रपणे पाठ करावी लागतात : आचे, खोता, का, कू, उवे, उवे दोब्ले, एकिस, सेता. एकूण अक्षरे २७. यांतील ‘आचे’चा उच्चार शब्दात होत नाही, तरी लिहिताना ते गाळून चालत नाही. ‘एन्ये’ म्हणजे डोक्यावर नागमोडी रेघ असलेले अक्षर. ती रेघ सुटली, तर ‘पेन्या’ या आडनावाचे ‘पेना’ होते. पहिल्याचा अर्थ खडक, दुसऱ्याचा दुःख.

जुन्या पुस्तकांत ‘चे’ आणि ‘एल्ये’ ही दोन जोडाक्षरेही वर्णमालेत दिसतात. १७१३ साली स्थापन झालेली माद्रिदची राजभाषा अकादमी आणि तिच्या भगिनी संस्था यांनी २०१० च्या शुद्धलेखन-ग्रंथात ती वगळली. पूर्वी ‘इ ग्रिएगा’, म्हणजे ग्रीक इ, म्हटल्या जाणाऱ्या अक्षरासाठी ‘ये’ हे नावही त्याच ग्रंथाने सुचवले. बोलण्यात मात्र जुने नाव अजून टिकून आहे.

सर्वांत सावध राहावे ते ‘बे’ आणि ‘उवे’ यांच्याबाबत. स्पॅनिशमध्ये या दोन्ही अक्षरांचा उच्चार एकच असल्याने ‘वेगा’ हे नाव ऐकताना ‘बेगा’ असेच भासते. त्यामुळे लॅटिन अमेरिकेत कोठे ‘लांब बे’ आणि ‘आखूड वे’, तर कोठे ‘मोठी बे’ आणि ‘धाकटी वे’ असे म्हणतात. कोणी गाढवाचा ‘बे’ आणि गाईचा ‘वे’ असेही सांगतात, कारण त्या भाषेत गाढव म्हणजे ‘बुर्रो’ आणि गाय म्हणजे ‘वाका’. मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. कानाला भेद कळेनासा झाला, तेव्हा मराठीनेही ‘पोटफोड्या ष’ म्हटले, ‘पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी’ म्हटले. जेथे उच्चार साथ देत नाही, तेथे अक्षराचे नाव साथ देते.

जुन्या पेढ्यांवर हुंडी लिहिताना रकमेबरोबर तिची निमपटही लिहीत, जेणेकरून एका आकड्यात फेरफार झाला तरी दुसरा तो उघड करी. परभाषेतील नाव उतरवून घेतानाही हीच रीत पाळावी. ऐकलेले प्रत्येक अक्षर त्याच्या स्पॅनिश नावाने ग्राहकाला परत म्हणून दाखवावे आणि त्याचा होकार आल्यावरच कागदावर पक्के करावे. त्यात वेळ थोडा जातो. परंतु समोरच्या माणसाचे नाव अचूक लिहिणे हा त्याचा पहिला सन्मान आहे, आणि पेढीची पत तेथूनच सुरू होते.